नुसते मेगापिक्सेल वाढवून चोर ओळखू येत नाही

‘सीसीटीव्ही कॅमेरा आठ मेगापिक्सेलचाच घ्या, चेहरा स्पष्ट दिसेल,’ हे दुकानदाराचं ठरलेलं वाक्य. दिवसा ठीक आहे. रात्री गणित उलटतं. स्वस्त २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात असतो तेवढ्याच सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या चिपवर) ८ मेगापिक्सेल कोंबले, की एकेका पिक्सेलच्या वाट्याला पाव जागा येते, म्हणजे उजेडही पावच. चित्रात नुसत्या मुंग्या! जास्त पैसे मोजायचेच तर मोठ्या सेन्सरला आणि जास्त उजेड आत घेणाऱ्या लेन्सला मोजा.

दुसरं म्हणजे जागेची रुंदी. अनोळखी माणसाची ओळख पटायला दिसणाऱ्या जागेच्या रुंदीत मीटरमागे २५० पिक्सेल हवेत, असं २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात म्हटलंय. १९२० पिक्सेल रुंदीचा साधा कॅमेरा साडेसात मीटर रुंदीपर्यंत हे जमवतो. फ्लॅटच्या दारापुढचा पॅसेज जेमतेम दोन मीटरचा. तिथे फोर-के, म्हणजे तो आठ मेगापिक्सेलवाला, कशाला?

आमच्या सोसायटीच्या गेटवर महागडाच लावलाय. मध्यरात्री गाडी आली की नंबरप्लेट पांढरीफटक, कारण कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) उजेड प्लेटवरून थेट परत येतो. वर लेन्सपुढे कोळ्याचं जाळं. वॉचमनकाकांनी ते झाडूने काढलं, तेव्हा चित्रातलं निम्मं धुकं गेलं. फुकटात.