विदर्भातील शुष्क पानझडी वन

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा बहुतेक पाऊस घेऊन उरलेला काळ जवळजवळ कोरडा काढणाऱ्या आणि उन्हाळा चढू लागताच पाने गाळणाऱ्या उष्ण कटिबंधीय जंगलास शुष्क पानझडी वन म्हणतात. महाराष्ट्रात त्याचे मोठे पट्टे विदर्भात असून चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी, अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, नागपूरच्या उत्तरेचे पेंच आणि गोंदिया-भंडाऱ्याकडील नवेगाव-नागझिरा ही त्यांतील प्रमुख क्षेत्रे होत. सदाहरित वनांना मिळालेली प्रतिष्ठा या जंगलाच्या वाट्याला कधी आली नाही. उन्हाळ्यातील त्याचे उघडेबोडके रूप पाहून ते निकृष्ट ठरवले गेले. सपाट, शेतीला सोयीच्या जमिनीवर उभे असल्यामुळे ते लवकर तुटले, आणि चंद्रपूर परिसरात तर त्याच्याखालीच दगडी कोळसा निघाला.

साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, सालई, मोह आणि बांबू ही येथील ओळखीची झाडे. त्यांची पानगळ म्हणजे मरगळ नव्हे, ती पाणी वाचवण्याची रीत आहे. ऐनाची जाड, चिरफाळलेली साल आग सोसते व त्याच्या काही खोडांत पाणीही साठते. पळस, पांगारा आणि काटेसावर पाने नसतानाच फुलतात, आणि बाकी रान कोरडे पडलेले असताना पक्ष्यांना मधुरस मिळतो. पावसाळा लागताच नवरंग पक्षी याच जंगलात घरटी बांधतो. मेळघाट-सातपुड्यातील रानपिंगळा हे लहान घुबड १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ कोणाच्या नोंदीत नव्हते. १९९७ मध्ये ते आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसले, तेही अशाच पानझडी रानात.

वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा हे तीन शिकारी एकाच जंगलात टिकतात, याचे कारण भक्ष्य, वेळ आणि जागा यांची त्यांच्यातील वाटणी होय. वाघाचा कल सांबर, गवा यांसारख्या मोठ्या जनावरांकडे असतो. बिबट्या चितळाची पिल्ले, भेकर, वानर अशा लहान सावजांवर भागवतो, झाडाचा आसरा घेतो आणि वाघाची वाट टाळतो. रानकुत्रे कळपाने, मुख्यतः दिवसाउजेडी, चितळामागे लागतात. ही वाटणी उन्हाळ्यात ताणली जाते, कारण एप्रिल-मेमध्ये ओढे आटतात आणि सगळ्यांना त्याच मोजक्या पाणवठ्यांवर यावे लागते.

माणूसही नेमका त्याच दिवसांत जंगलात असतो. मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचायला गोंड, माना, कोरकू आणि इतर गावकरी अंधारातच निघतात, आणि तीच फुले अस्वलाला व चितळालाही हवी असतात. त्यामागोमाग तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडी वळण्याची पाने तोडण्याचा, हंगाम येतो. खाली वाकून वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, म्हणून जीवघेण्या हल्ल्यांचा धोका या दिवसांत वाढतो. मोहाखालचा पालापाचोळा जाळताना आग पसरते, हेही खरे. परंतु ज्या घराची वर्षाची रोकड या दोन हंगामांवर उभी आहे, त्याला केवळ मनाई करून प्रश्न सुटत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने ग्रामसभेतून बांबूची तोड व विक्री स्वतः हाती घेतली. जंगल राखण्याचा हा मार्ग अधिक गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

ताडोबा हे १९५५ मध्ये घोषित झालेले महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याचे नाव तारू या गोंड पुरुषावरून पडले, असे मानतात. कथेप्रमाणे वाघाशी झुंजताना तो मरण पावला. तलावाकाठी त्याचे ठाणे (पूजास्थान) आहे आणि पौषात तेथे भाविक येत आले आहेत. माणसाला मारणाऱ्या वाघाचा सूड न उगवता त्या जागेलाच पवित्र मानण्याची ही दृष्टी विदर्भातील वाघदेवाच्या ठाण्यांतही दिसते.

आज या वनाला सर्वांत मोठा धोका तुकडे पडण्याचा आहे. खाणी, कालवे, रेल्वेमार्ग आणि रुंद रस्ते जंगलांमधील भ्रमणमार्ग तोडतात. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ तेलंगणाच्या हद्दीतून फिरून, शेते व वस्त्यांच्या कडेने, बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कपाशी-तुरीच्या शेतांमधले ओढे आणि झुडपी जंगलाचे पट्टे त्याच्या उपयोगी पडले. पेंच परिसरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी भुयारी वाटा ठेवल्या असून त्यांतील सर्वांत लांब वाट ७५० मीटरची आहे. वाघ, रानकुत्रे आणि चितळ त्यांतून ये-जा करताना कॅमेऱ्यांत टिपले गेले आहेत.