हावरी चांदणी

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाची सभासद-यादी नीट करायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. कुणी ‘सीताबर्डी’ लिहिलेलं, कुणी ‘सिताबर्डी’, आणि बाकीच्यांनी अख्खं नागपूर म्हणतं तसं नुसतं ‘बर्डी’. पत्त्यात जिथे ‘महाल’ हा नागपूरचा भाग आहे तिथे ‘महाल, नागपूर’ करावं म्हणून मी संगणकावर शोधा-बदला चालवलं. दुसऱ्या दिवशी एका काकूंच्या पत्त्यात ‘महाल, नागपूरक्ष्मी नगर’ उगवलं. “अरे बापा, आमची लक्ष्मी कुठं गेली?” त्यांनी विचारलं.

संगणकाला शब्द कळतात, असं आपण धरून चालतो. त्याला दिसते ती चिन्हांची रांग. ‘महालक्ष्मी’मध्ये ‘महाल’ची चारही चिन्हं ओळीने आहेत, म्हणजे त्याच्या लेखी तो महालच. मग नेमकं काय शोधायचं ते त्याला सांगावं लागतं, आणि ते सांगायची छोटी भाषा म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, बोलण्यात रेजेक्स. पर्ल, पायथन अशा प्रोग्रॅमिंगच्या भाषांत ती मिळते. उदाहरणार्थ, (सीता|सिता)?बर्डी. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’, प्रश्नचिन्ह म्हणजे ‘असलं तर असो’. बर्डीची तिन्ही रूपं या एका नमुन्यात सापडतात आणि एका आज्ञेत ‘सीताबर्डी’ होतात.

यातली माझी लाडकी खूण म्हणजे चांदणी, *. अर्थ असा की आधीचं चिन्ह कितीही वेळा येऊ दे, शून्य वेळासुद्धा. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ साली मज्जापेशींच्या गणिती प्रतिकृतीवर काम करताना ही कल्पना मांडली, म्हणून ती क्लीनीची चांदणी. टिंबाचा अर्थ ‘कोणतंही एक चिन्ह’. मला यादीतले कंसातले शेरे काढायचे होते. ओळ अशी:

धरमपेठ (जुने घर) ४४००१० (भाडेकरू)

नमुना दिला \(.*\), म्हणजे उघडा कंस, मध्ये काहीही, बंद कंस; तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, सांगते की कंस इथे नुसता कंस आहे. उरलं फक्त ‘धरमपेठ’. पिनकोडही गेला!

बोट ठेवून पाहा. पहिला उघडा कंस जुळला. मग टिंब-चांदणी सुटली ती थेट ओळीच्या शेवटापर्यंत, कारण चांदणी स्वभावाने हावरी. आता बंद कंस हवा, पण ओळ संपलेली. यंत्र एक चिन्ह मागे येतं, तिथे शेवटचा बंद कंस मिळतो आणि ते खूश होऊन थांबतं. मधला पिनकोड ‘काहीही’मध्येच गिळलेला. चांदणीपुढे प्रश्नचिन्ह लावलं, .*? असं, की ती कमीत कमी घेते आणि पहिल्याच बंद कंसाशी थांबते.

हे मागे येणं वाटतं तितकं स्वस्त नाही. (अ+)+ब हा नमुना घ्या. अधिकचं चिन्ह म्हणजे निदान एकदा तरी. समोर तीस अ आणि शेवटी ब ऐवजी क. जुळणी होणार नाही हे आपल्याला लगेच दिसतं. पायथनचं यंत्र मात्र तीस अ एका गटात घेऊन पाहतं, मग एकोणतीस आणि एक, मग अठ्ठावीस आणि दोन... तीस अ ओळीने गटांत तोडायच्या तऱ्हा २ चा २९ वा घात, म्हणजे ५३ कोटींहून जास्त. एक अ वाढवला की दुप्पट. २ जुलै २०१९ रोजी अशाच मागेपुढे धावणाऱ्या एका नमुन्याने क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवा कंपनीचे प्रोसेसर जगभर गुदमरले आणि त्यांच्यामार्फत चालणारी संकेतस्थळं २७ मिनिटं कोलमडली. खरं तर अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्येच दुसरी रीत छापली होती: मागे यायचंच नाही, सगळ्या शक्यता हातात धरून एकेक चिन्ह पुढे सरकायचं. पण आधी जुळलेला तुकडा पुन्हा शोधण्यासारख्या सोयी त्या रीतीत बसत नाहीत, म्हणून बऱ्याच भाषा मागेपुढे करणारं यंत्रच वापरतात.

यादीत एका गृहस्थांनी अंकशास्त्री सांगतो म्हणून नावात जादा मात्रा घातली होती. नशिबाचं माहीत नाही, माझा नमुना मात्र नक्की फिरला.

मात्रांचं दुखणं तसंही मोठं आहे. पायथनमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे शब्दातलं अक्षर. त्यापुढे अधिकचं चिन्ह लावून ‘नागपूर’मध्ये शोधलं तर हाती येतं न, गप, र. काना आणि ऊकार युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी केलेल्या जगभरच्या लिपींच्या चिन्हयादीत, अक्षर नव्हे, जोडचिन्ह. पायथन त्यांना अक्षरांत धरत नाही, पर्ल धरतं. म्हणून शब्दाची शीव दाखवणारी बॅकस्लॅश-बी लावल्यावर ‘महालक्ष्मी’ वाचली, पण ‘महालात’चा काना शीव ठरला आणि झालं ‘महाल, नागपूरात’. शेवटी मी नमुन्यातच लिहिलं की ‘महाल’च्या पुढे युनिकोडने देवनागरीला दिलेल्या १२८ जागांतलं कोणतंच चिन्ह नको. ‘महालात’ जागेवर राहिलं, काकूंची लक्ष्मीही परत आली.