सोटोच्या सौद्याचा हिशेब कसा मांडायचा?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधल्या वॉशिंग्टन क्लबने आपल्या जनरल मॅनेजरला, म्हणजे खेळाडूंची देवघेव ठरवणाऱ्याला, घरी पाठवले. सॅन दिएगोशी दोन मोठे सौदे करणारा हाच माणूस. २०१४ च्या सौद्यात त्याच्या पदरात ट्रे टर्नर पडला, तर २०२२ मध्ये तरुण फलंदाज वॉन सोटो देऊन सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर आणि जेम्स वुड. कागदावर हे दोन्ही सौदे वॉशिंग्टनने जिंकलेले आहेत. हे सगळे खेळाडू देऊन टाकणारा सॅन दिएगोचा जनरल मॅनेजर मात्र २०१४ च्या ऑगस्टमध्ये बसला त्या खुर्चीत २०२५ चा हंगाम संपला तेव्हाही होता. सौद्यांची जय-पराजयाची यादी करून माणूस जोखायचा असेल, तर या दोघांच्या वाट्याला आलेली फळे उलटसुलट झाली असे म्हणावे लागेल. तसे झालेले नाही. यादी करण्याची पद्धतच चुकते आहे, आणि ती का चुकते ते समजायला थोडे मागे जावे लागते.

पूर्वी ही पद्धत चुकीची नव्हती. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहायचा, त्यामुळे सौद्यात मिळालेला खेळाडू म्हणजे त्याची उरलेली सगळी कारकीर्दच मिळायची. १५ जून १९६४ ला शिकागोच्या कब्सनी लू ब्रॉक सेंट लुईसला दिला आणि प्रामुख्याने एर्नी ब्रोग्लिओसाठी दिला. आदल्या हंगामात १८ सामने जिंकलेला पिचर (चेंडू टाकणारा) मिळाला म्हणून शिकागोच्या वृत्तपत्रांत कौतुकही झाले. ब्रॉकने उरलेल्या हंगामात .३४८ च्या सरासरीने फटकेबाजी केली, सेंट लुईस त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) जिंकले आणि ब्रॉक तिथेच १९७९ पर्यंत खेळला. ब्रोग्लिओच्या खात्यात शिकागोत सात विजय जमा झाले. इथे दोन कारकिर्दी समोरासमोर ठेवून वजाबाकी केली तर कुणावर अन्याय होत नाही.

१९७५ च्या डिसेंबरमध्ये लवादाचा निकाल आला, पुढच्या वर्षी नवा करार झाला आणि सहा वर्षे सेवा झालेला खेळाडू मोकळा होऊ लागला. तेव्हापासून क्लब सौद्यात माणूस घेत नाही, त्याच्यावरच्या हक्काची वर्षे घेतो. कधी सहा, कधी दोन, कधी नुसते दोन महिने. तरीही चाहते आणि बरेचसे लिहिणारे आजतागायत कारकिर्दीच मोजत बसतात. डेट्रॉईटने ऑगस्ट १९८७ मध्ये जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला देऊन डॉयल अलेक्झांडर घेतला, हा सौदा प्रत्येक ‘सर्वांत वाईट’ यादीत सापडतो. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांत, गेला हे खरेच. पण अलेक्झांडरने डेट्रॉईटसाठी ११ सामने सुरू केले, त्यांतले नऊ जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉईटने आपला गट टोरोंटोच्या पुढे अवघ्या दोन सामन्यांनी जिंकला. ज्यासाठी सौदा केला ते काम झाले होते.

अलीकडे ‘वॉर’चा आकडा आला. पर्यायी खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले, त्याचा हा अंदाज. हक्काच्या वर्षांतले अपेक्षित विजय धरायचे, त्यांची बाजारातली किंमत काढायची, त्यातून पगार वजा करायचा, आणि जे उरेल ते त्या खेळाडूचे शिल्लक मूल्य. यामुळे कारकिर्दी मोजण्याची जुनी खोड निदान जाणत्या वर्तुळात तरी सुटली. पण नवी खोट शिरली. या गणितात प्रत्येक विजयाची किंमत सारखीच असते. ७० वरून ७३ विजयांवर जाणाऱ्या संघाला आणि ८७ वरून ९० वर जाणाऱ्या संघाला तीन विजय सारखेच मोलाचे नसतात. पहिल्याला ऑक्टोबरमध्ये सुट्टीच असते, दुसऱ्याला प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) मिळू शकतो. ज्या शहराने एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही, तिथल्या जनरल मॅनेजरला हे गणित हमखास तोट्यात दाखवते. सॅन दिएगोचा क्लब १९६९ पासून मोठ्या लीगमध्ये आहे आणि अजून एकदाही जिंकलेला नाही.

सॅन दिएगोच्या या जनरल मॅनेजरची सुरुवात वाईटच झाली, यात दुमत नाही. पहिल्याच हिवाळ्यात त्याने मॅट केम्प, जस्टिन अप्टन आणि विल मायर्स आणले, हंगामाच्या तोंडावर क्रेग किम्ब्रेल आणला, आणि २०१५ मध्ये संघ ७४ जिंकून ८८ हरला. अप्टनच्या बदल्यात अटलांटाला गेलेल्यांत मॅक्स फ्रीड होता. मायर्ससाठी टँपा बेला मध्ये घेऊन जो तिहेरी सौदा झाला, त्यात जो रॉस आणि टर्नर वॉशिंग्टनला गेले. टर्नर त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (क्लबांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीत) तेराव्या क्रमांकावर घेतलेला. ड्राफ्टमधल्या खेळाडूची सही झाल्यापासून वर्षभर त्याला देता येत नसे, म्हणून कागदावर तो ‘नाव नंतर कळवायचे’ असा खेळाडू ठरला. पण तो कोण हे सगळ्यांना ठाऊक होते. जून २०१५ पर्यंत टर्नर सॅन दिएगोच्या मायनर लीग (खालच्या पातळीच्या) संघात, दुसऱ्याच्या मालकीचा असल्यासारखा खेळत राहिला. प्रकार इतका अवघड झाला की नियम बदलावा लागला. आता त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज संपली की ड्राफ्टमधला खेळाडू देता येतो. टर्नर २०१९ मध्ये वॉशिंग्टनकडून वर्ल्ड सिरीज जिंकला. या सौद्याचा बचाव करता येत नाही. तो ‘आजच्या विजयासाठी उद्याचा खेळाडू’ असाही नव्हता, कारण जिंकण्याजोगा संघच हाताशी नव्हता.

२०१६ चा उन्हाळा जास्त गुंतागुंतीचा आहे. जूनमध्ये जेम्स शील्ड्सला शिकागोच्या व्हाइट सॉक्सकडे दिले, त्याच्या पगाराचा मोठा वाटाही स्वतःकडे ठेवला, आणि मोबदल्यात एक पिचर व सतरा वर्षांचा एक मुलगा घेतला. तो मुलगा फर्नांडो तातिस ज्युनियर. तोवर व्यावसायिक बेसबॉलचा एकही अधिकृत सामना तो खेळला नव्हता. पुढच्याच महिन्यात ड्रू पोमेरान्झ बॉस्टनला गेला आणि बदल्यात अँडरसन एस्पिनोझा हा तेव्हाचा नावाजलेला तरुण पिचर आला. नंतर उघड झाले की पोमेरान्झच्या वैद्यकीय नोंदी बॉस्टनला पूर्ण दिलेल्याच नव्हत्या. जनरल मॅनेजरला ३० दिवस बिनपगारी निलंबित केले गेले. सौदा फिरवण्याची मुभा बॉस्टनला मिळाली होती, ती त्यांनी घेतली नाही. २०१७ मध्ये पोमेरान्झने बॉस्टनसाठी १७ सामने जिंकले. एस्पिनोझाच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाल्या आणि सॅन दिएगोकडून तो मोठ्या लीगमध्ये एकदाही उतरला नाही.

आता या सौद्यांना गुण कसे द्यायचे? फक्त फळ पाहिले तर तातिसचा सौदा अलौकिक आणि पोमेरान्झचा फसलेला, एवढेच हाती लागते. लपवाछपवी कुठल्याच रकान्यात येत नाही, कारण ज्याने लपवले तोच तोट्यात गेला. माझ्या मते जनरल मॅनेजरच्या नावावर सर्वांत ठळकपणे मांडायची नोंद हीच आहे. पुढच्या वेळी समोरचा क्लब त्याच्याशी बोलताना किती सावध राहील, हेही त्याच्या कामगिरीचेच अंग आहे.

आता सोटो. जुलै २०२२ मध्ये वॉन सोटोने वॉशिंग्टनचा १५ वर्षांचा ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारल्याची बातमी फुटली. वय २३, आणि मोकळा व्हायला तो हंगाम धरून अडीच वर्षे बाकी. २ ऑगस्टला सॅन दिएगोने सोटो आणि जॉश बेल घेतले. दिले एब्रम्स, गोर, वुड, रॉबर्ट हॅसल आणि हार्लिन सुसाना. सहावा खेळाडू एरिक हॉस्मर असणार होता. त्याच्या करारात ठरावीक क्लबांना नकार देण्याचा हक्क होता, तो त्याने वापरला, आणि काही तासांत त्याची रवानगी बॉस्टनला होऊन त्याच्या जागी लूक व्हॉइट गेला.

सोटो सॅन दिएगोत आल्यावर चमकला नाही. उरलेल्या ५२ सामन्यांत सरासरी .२३६, होम रन सहा. तरी ऑक्टोबरमध्ये १११ सामने जिंकून आलेल्या लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना सॅन दिएगोने तीन-एक असे बाहेर काढले. चौथ्या सामन्यात ०-३ अशा पिछाडीवरून सातव्या डावात पाच धावा झाल्या, आणि त्यात बरोबरी साधणारा फटका सोटोचा होता. १९९८ नंतर पहिल्यांदाच क्लब नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत पोचला. तिथे फिलाडेल्फियाने संपवले. २०२३ मध्ये सोटो सगळेच्या सगळे १६२ सामने खेळला, ३५ होम रन, १३२ वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला तळ). संघ मात्र ८२-८० वर थांबला आणि प्लेऑफ हुकला.

बहुतेक हिशेब इथेच बंद होतात: दीड हंगाम, एकही विजेतेपद नाही, आणि समोर तीन उत्तम तरुण. एब्रम्स २०२४ मध्ये ऑल-स्टार झाला (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला), गोर आणि वुड २०२५ मध्ये. पण डिसेंबर २०२३ मध्ये सोटो, सोबत ट्रेंट ग्रिशम, न्यूयॉर्कच्या यांकीजकडे गेला आणि पाच जण आले. त्यांतला मायकल किंग २०२४ मध्ये १३ सामने जिंकला, ‘इआरए’ (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा) २.९५, बळी २०१. काइल हिगाशिओकाने कॅचर म्हणून १७ होम रन मारले. ड्रू थॉर्प सॅन दिएगोकडून एकही सामना न खेळता मार्चमध्ये शिकागोला गेला आणि त्याच्यासह चार जणांच्या बदल्यात डिलन सीझ आला. २५ जुलै २०२४ ला सीझने क्लबच्या इतिहासातला दुसरा नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देणारा सामना) टाकला. तो टाकला वॉशिंग्टनच्याच मैदानावर, वॉशिंग्टनविरुद्ध. त्या वर्षी सॅन दिएगोने ९३ सामने जिंकले आणि पुढे विश्वविजेते ठरलेल्या डॉजर्सना पाचव्या सामन्यापर्यंत झुंजवले.

मग २०२४ चे ते विजय कोणत्या सौद्याच्या नावावर टाकायचे? सोटो घेतल्याच्या, की सोटो दिल्याच्या? काहीजण सौद्यांचा असा वंशवृक्ष मांडतात आणि सगळी फळे मुळाशी जमा करतात. मला ते पटत नाही. किंग निवडणे हा २०२३ चा वेगळा निर्णय होता. यांकीजकडून दुसरे कुणीही मागता आले असते. पण २०२२ च्या हिशेबात एवढे तरी धरलेच पाहिजे की दीड वर्ष वापरूनही सोटोची एक वर्षाची किंमत हातात शिल्लक होती. सौदा त्या दिवशी जसा दिसत होता तसा तोलायचा, तर सॅन दिएगोने तीन हंगामांच्या पेनंट (लीगच्या जेतेपदाच्या) शर्यती विकत घेतल्या होत्या आणि तिसरी परत विकण्याचा पर्यायही. वुड, गोर, एब्रम्स ही किंमत फार होती, हे त्या दिवशीही फार होते. पण २३ व्या वर्षी इतका पारखलेला फलंदाज तोवर क्वचितच बाजारात आला होता. मी तो सौदा चुकीचा मानत नाही.

परत विकण्याच्या निर्णयात जनरल मॅनेजरचा हात किती, हा प्रश्न मात्र चर्चेत जेमतेम येतो. मे २०२३ मध्ये क्लबचे सामने दाखवणाऱ्या वाहिनीची कंपनी दिवाळखोरीत होती आणि तिने प्रक्षेपण थांबवले. हमखास येणारा पैसा आटला. नोव्हेंबरमध्ये खर्चाला मोकळा हात देणारे मालक वारले. डिसेंबरमध्ये सोटो गेला. बॉस्टनने फेब्रुवारी २०२० मध्ये मूकी बेट्स डॉजर्सना दिला, तेव्हाही हेच झाले होते. वेतनकराची (ठरावीक रकमेपुढच्या एकूण पगारांवर क्लबने भरायच्या कराची) मर्यादा वरून ठरलेली, सौदा खाली बसलेल्याने करायचा, आणि शिव्या त्यानेच खायच्या. बेट्सच्या बदल्यात आलेल्या तिघांची निवड हा जनरल मॅनेजरचा हिशेब. बेट्स देणे हा त्याच्या एकट्याचा नाही.

वॉशिंग्टनच्या बाजूचा हिशेबही याच कसोटीवर तपासावा. सोटो गेल्यावर तो क्लब २०२३ आणि २०२४ मध्ये प्रत्येकी ७१ सामने जिंकला आणि २०२५ मध्ये ६६. तीन ऑल-स्टार मिळाले, पण त्यांच्याभोवती संघ उभा राहिला नाही. सौदा जिंकणे आणि संघ बांधणे ही दोन कामे आहेत, आणि त्या जनरल मॅनेजरची नोकरी दुसऱ्या कामात गेली.

३१ जुलै २०२५ ला सॅन दिएगोने पुन्हा तेच केले. अ‍ॅथलेटिक्सकडून मेसन मिलर आणि जे. पी. सिअर्स घेतले, आणि दिलेल्यांत अठरा वर्षांचा लिओ दे व्रीस होता, क्लबकडचा सर्वांत मोलाचा तरुण. त्या हंगामात ९० विजय झाले आणि पहिल्याच फेरीत कब्सनी तीन सामन्यांत बाहेर काढले. दे व्रीसचे पुढे काय होते त्यावर आतापासूनच पैजा लागल्या आहेत. मिलरवरचा क्लबचा हक्क २०२९ च्या हंगामापर्यंत आहे. निकाल लिहायचाच असेल तर त्या चार-साडेचार वर्षांचा लिहावा.