अश्वव्यवसाय (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग या तालुक्यांत घोडे पाळून, भाड्याने देऊन किंवा त्यांचा सौदा करून चालणारा व्यवसाय. टांगा मागे पडल्यापासून त्याचे उत्पन्न मुख्यतः वराती, जत्रा आणि खरेदी-विक्री यांवर उरले आहे.

या भागातील तट्टाच्या मुळाविषयी एकमत नाही. एका मतानुसार दख्खनी अथवा भीमथडी तट्टू हा पश्चिम किनाऱ्यावर उतरणाऱ्या अरबी घोड्यांचा आणि स्थानिक तट्टांचा संकर होय. होर्मुझ व अरबस्तानातून गोव्यास आलेले घोडे घाट चढून पठारावर येत व बेळगाव हे या वाटेवरचे ठाणे होते. बहमनी सल्तनतीचा वजीर महमूद गावान याने १४७२ च्या सुमारास गोवा व बेळगाव घेतले, त्यामागे विजयनगरची ही रसद तोडण्याचा हेतूही असावा. पुढे १५४७ च्या तहाने पोर्तुगीजांनी गोव्याचे घोडे फक्त विजयनगरला विकण्याचे मान्य केले. तथापि राज्यांनी ज्यासाठी तह करावेत असा जिन्नस मेंढपाळाच्या दावणीला कितपत पोहोचला असेल, ही शंका रास्त आहे. त्यामुळे तट्टू मूळचे पठारावरचेच व अरबी रक्त पागांपुरते, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून शासकीय नोंदणी अलीकडेच मिळाली. धनगरांच्या स्थलांतरात बिऱ्हाड आणि नुकती जन्मलेली कोकरे याच तट्टांच्या पाठीवर असतात.

व्यवसायाचे गणित विषम आहे. खर्च रोजचा, उत्पन्न हंगामी. तोबऱ्यातील भिजवलेला हरभरा, कडबा, कोंडा आणि मोतद्दाराची (घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराची) मजुरी बारमाही लागते. साधारण दीड महिन्याने नालबंद येतो, खूर मांडीवर घेऊन जुनी नाल उपटतो, वाढलेले नख कापतो आणि नवी ठोकतो. उलट लग्नाचे मुहूर्त चातुर्मासात थांबतात, तेव्हा वरातीचा घोडा बसून खातो. घोड्याला उलटी करता येत नसल्याने पोटशूळ जिवावर बेततो आणि एका रात्रीत भांडवल जाऊ शकते. घोडी सुमारे ११ महिने गाभण राहते, म्हणून पैदाशीवर चटकन कमाई होत नाही. सौद्यात वय दातांवरून ठरते, पण किंमत बऱ्याचदा अंगावरच्या खुणांवरून: गळ्यावर देवमण नावाचा भोवरा (केसांचे वलय) असलेला किंवा चारही पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा चढ्या दराने जातो, अशुभ भोवऱ्याचे धडधाकट जनावर मात्र पडत्या भावात द्यावे लागते. अनेक मालकांचे पोट शेतीवर चालते आणि घोडा मानासाठी दारात असतो; नफ्या-तोट्याचा हिशेब मांडताना हे वगळता येत नाही.

या मानाचे सर्वांत ठळक रूप चिकोडी तालुक्यातील कृष्णाकाठच्या अंकलीत दिसते. हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांचा पालखी सोहळा सुरू केला (प्रारंभ सामान्यतः १८३२ च्या आसपास मानतात) त्या काळापासून अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व वारीत असल्याची परंपरा आहे. ते अंकलीहून सुमारे ३०० किमी पायी आळंदीस जातात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. रिंगणात तो धावून गेल्यावर वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात.