रिव्ह्यू उडवणे

ऑनलाइन बाजारपेठेवर खरेदीदाराने मालाबद्दल किंवा विक्रेत्याबद्दल लिहिलेला अभिप्राय काढून टाकला जाणे, आणि त्यावरून खरेदीदार, विक्रेता व बाजारपेठ यांच्यात पेटणारा वाद. सरकारी मराठीत याला ‘अभिप्राय वगळणे’ म्हणता येईल; मुंबईत तसे कुणी म्हणत नाही. ‘माझा रिव्ह्यू उडाला’ किंवा ‘उडवला’ एवढेच ऐकू येते. वादाची निम्मी गोम या दोन क्रियापदांत आहे. उडाला म्हणजे यंत्राच्या चाळणीत अडकला, उडवला म्हणजे कुणाच्या तरी सांगण्यावरून गेला. यांपैकी नेमके काय झाले, हे लिहिणाऱ्याला सहसा कळतच नाही.

अनोळखी माणसाशी त्याच्याबद्दलचे शेरे वाचून व्यवहार करण्याची पद्धत ईबे या अमेरिकी ऑनलाइन बाजारपेठेने १९९६ पासून रुळवली. तेव्हा खरेदीदार आणि विक्रेता दोघेही एकमेकांना शेरे देत. वाईट शेऱ्याला सूड म्हणून वाईट शेरा मिळे, आणि मग दोघांनी राजीखुशीने आपापले शब्द मागे घ्यायचे, अशीही सोय होती. २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांना खरेदीदारांविषयी वाईट शेरा देण्याची बंदी केली. भांडण मग ‘हा शेरा काढा’ या एकाच मागणीवर आले. भारतात ईबे आली ती मुंबईमार्गे. २००० साली इथे सुरू झालेली बाझी डॉट कॉम ही ऑनलाइन बाजारपेठ तिने २००४ मध्ये विकत घेतली. भारतातले ते दुकान २०१८ मध्ये बंद झाले, पण स्टार देण्याची सवय तोवर सगळीकडे पोचली होती.

शिवीगाळ, कुणाची खासगी माहिती, जाहिरात, पैसे घेऊन केलेले कौतुक हे सगळ्याच बाजारपेठा काढतात, आणि त्यावर फारसा वाद नाही. वाद होतो तो मिश्र मजकुरावर. नमुना म्हणून स्टीलच्या डब्याचा हा रिव्ह्यू घ्या : ‘झाकण नीट बसत नाही. आमटी पिशवीत सांडली. डिलिव्हरीवाला फोन उचलत नाही, त्याचा नंबर खाली देतेय.’ पहिली दोन वाक्ये पुढच्या गिऱ्हाइकाच्या कामाची आहेत. तिसऱ्यात दुसऱ्याचा नंबर. अशा वेळी फक्त नंबर खोडला जात नाही, अख्खा रिव्ह्यू जातो. ‘आपला अभिप्राय आमच्या नियमांत बसत नाही’ असा साचेबंद निरोप येतो, गाडी कोणत्या शब्दावर अडली ते सांगितले जात नाही. बाई मात्र झाकणाबद्दल खरे लिहिले म्हणूनच उडवला असे धरून चालतात, आणि त्यांना चूक ठरवायला हाताशी काही नसते.

विक्रेत्याची बाजूही ऐकण्यासारखी आहे. जुलैत पाणी तुंबते, पार्सल भिवंडीच्या गोदामात चार दिवस पडून राहते, आणि मालाडच्या इमिटेशन दागिनेवाल्याच्या नावावर एक स्टार पडतो. ॲमेझॉनने अशा प्रसंगासाठी मधला मार्ग काढला आहे : माल त्यांनी स्वतः पोचवला असेल, तर पोचवण्याबद्दलचा शेरा खोडरेघेखाली दिसत राहतो आणि ही जबाबदारी आमची, असे शेजारी लिहिले जाते. केवळ मालाविषयी असलेला मजकूर विक्रेत्याच्या खात्यावर पडला, तर तो काढताही येतो. खोडरेघेची रीत अधिक सरळ वाटते. शब्द वाचता येतात आणि दोष कुणाचा तेही कळते.

याच्या पलीकडे एक चोरवाट आहे. पार्सलमध्ये चिठ्ठी असते : पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा, कॅशबॅक मिळवा. कुणी एक स्टार दिलाच तर ‘मॅडम, रिव्ह्यू हटा दो, पूरा पैसा वापस’ असा फोन येतो. इथे खरेदीदार स्वतःच आपला रिव्ह्यू काढतो, त्यामुळे तक्रार कुठेच नोंदली जात नाही. वाईट अभिप्राय मुळात छापायचेच नाहीत, हाही प्रकार घडला आहे. फॅशन नोव्हा या अमेरिकी कंपनीने चारपेक्षा कमी स्टारचे अभिप्राय दडवल्याचा आरोप तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२२ मध्ये ४२ लाख डॉलरवर ते प्रकरण मिटले.

भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला ग्राहकाचे सोंग घेऊन रिव्ह्यू लिहिण्यास मनाई केली. खरा रिव्ह्यू काढण्याबद्दल इतका थेट शब्द त्यांत नाही. अनुचित व्यापारप्रथेच्या सर्वसाधारण मनाईखालीच तो मुद्दा बसवावा लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १९००० : २०२२ हे मानक आले. अभिप्राय गोळा करणे, तपासणे आणि प्रसिद्ध करणे यांची शिस्त त्यात आहे, पण ते ऐच्छिक म्हणून लागू झाले.

व्यवहारात पहिली पायरी बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. पुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९७५ पासूनची मुंबई ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संस्था आहे, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मात्र नुसत्या उडालेल्या रिव्ह्यूवर एवढी पायपीट कोण करणार? तक्रार डब्याच्या झाकणाची असते आणि रिव्ह्यू तिला मागून जोडला जातो. तोही मिळाला तर. पानावर तो उरलेला नसतो, आणि पोस्ट करताना स्क्रीनशॉट काढून ठेवायचे कुणाच्या ध्यानात येत नाही. मग जुन्या मेलमधला ‘तुमचा अभिप्राय प्रसिद्ध झाला’ हा निरोप शोधायचा, त्यातला दुवा दाबायचा, आणि ‘हे पान सापडत नाही’ असे दिसले की त्याचाच फोटो काढून अर्जाला लावायचा.