लिफ्ट किटने बॉडी उचलते, डिफरन्शियल नाही
‘2 इंचाची किट बसवली की गाडी 2 इंच जास्त खोल चाकोरीतून निघते’ हा समज बराच फिरतो. लिफ्ट किट म्हणजे सस्पेन्शन उंच करणारे सुटे भाग. किटने चॅसी आणि बॉडी वर जाते, हे खरं. पण मागचा ॲक्सल सलग (दोन्ही चाकं एकाच कडक दांड्यावर) असेल तर डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलवरचा गिअरचा गोळा, चाकांसोबत जिथल्या तिथेच राहतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत, ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर टेकतो तो हाच!

सपाट जागी, टायरमध्ये नेमकी हवा भरून, जमिनीपासून डिफरन्शियलच्या तळापर्यंत टेप लावा. किटआधी आणि किटनंतर आकडा तोच येईल. तो वाढतो मोठ्या टायरने: व्यास 2 इंच वाढला तर 1 इंच. त्या टायरला जागा होण्यापुरतीच किट घ्या. जास्त उंचीने प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलला फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढून क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, लवकर झिजतो, ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणतो. चाक पूर्ण लोंबकळत ठेवून होज सैल राहतो का, ते नक्की बघा.