आंघोळ झाली की पाच मिनिटं

इगतपुरीचा दहा दिवसांचा विपश्यना कोर्स करून आलेली कितीतरी माणसं मी बघितलीत, आल्यावर आठ दिवस पहाटे उठून ध्यानाला बसतात, मग घरात कुणाचं तरी लग्न निघतं नाहीतर पाहुणे येतात आणि सगळं बारगळतं. मग म्हणतात माझी इच्छाशक्तीच कमी पडली. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण इच्छाशक्तीचा यात फार थोडा भाग आहे.

ते 21 दिवसांत सवय लागते म्हणतात ना, ते डोक्यातून काढा आधी. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकात आहे, त्याचं निरीक्षण होतं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी 21 दिवस लागतात. पुढे तोंडोतोंडी ते 'कमीत कमी' गळून गेलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर 12 आठवडे लक्ष ठेवलं, कुणी जेवताना फळ खायचं ठरवलं, कुणी पळायचं. ती गोष्ट अंगवळणी पडायला किती दिवस, तर मधला आकडा आला 66, आणि माणसागणिक 18 पासून थेट 254 पर्यंत फरक (12 आठवड्यांपुढचे आकडे गणितानं काढलेला अंदाज). आणि मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात काही खास फरक पडत नव्हता. लोक सोडतात ते नेमके त्या चुकलेल्या दिवसानंतर.

माझी आजी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावायची, हात पदराला पुसायची आणि तिथंच पाटावर बसून माळ ओढायची. तिला कुणी आठवण करून दिलेली मी पाहिली नाही, काडी ओढली की पुढचं आपोआप. ही काडी म्हणजे सवयीची खूण. तीच गोष्ट, त्याच जागी, त्याच कामानंतर होत राहिली की मेंदूच्या आतल्या भागात, बेसल गँग्लियामध्ये, ती साखळी पक्की होते आणि मग 'बसू का नको' हा विचार रोज करावा लागत नाही. 'सकाळी वेळ मिळेल तेव्हा' ही खूण होत नाही. 'आंघोळ करून टॉवेल दोरीवर टाकला की' ही होते.

सुरुवातीला पाच मिनिटं पुष्कळ झाली, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास घेऊन बघा, घेताना नाडी किंचित पळते आणि सोडताना मंदावते, बऱ्याच जणांना बोटाला चक्क कळतं, हे व्हेगस नावाच्या नर्व्हचं काम. म्हणून सोडतानाचा श्वास जरा लांबवायचा. मन भाजीवर जाईल, ईएमआयवर जाईल, जाणारच, रिकाम्या वेळी मेंदूचं एक नेटवर्क आपलं आपण चालू होतं आणि मागचं-पुढचं चघळत बसतं. गेलंय हे लक्षात आलं की परत श्वासावर आणायचं, दहादा गेलं तर दहादा, आणि हे परत आणणं हाच खरा व्यायाम आहे, मन गेलं म्हणून ध्यान फसलं असं अजिबात नाही.

आणि महिन्यात निकाल लावू नका. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या 2019 मधल्या एका अभ्यासात कधीच ध्यान न केलेल्यांना रोज 13 मिनिटं बसवलं होतं, 4 आठवड्यांनी फायदा दिसला नाही, 8 आठवड्यांनी मूड, लक्ष, स्मरणशक्ती यात दिसला. फक्त बसल्यावर भीती किंवा घालमेल वाढतच गेली तर थांबा आणि डॉक्टरांशी बोला, काहींना तसं होतं.

मागच्या महिन्यात गावी चुलतबहिणीचं लग्न होतं, घरात पन्नास माणसं, बाथरूमला रांग. आंघोळ झाली, टॉवेल दोरीवर टाकला आणि मी माडीवर गाद्यांच्या ढिगाला टेकून बसले, खाली बँडवाले वाद्यं लावून बघत होते.